कोंडीराम हं म्हणेपर्यंत

कोंडीरामच्या नाकाचा विमा उतरवायला पाहिजे, असं पेंट शॉपमधली पोरं म्हणायची. चाकणच्या एका मोटारींच्या कंपनीत त्यानं बावीस वर्षं रंगाच्या खात्यात काढली. डब्याचं झाकण उघडलं की आत कुठला थिनर पडलाय, किती पडलाय, झाकण कुणी उघडं टाकलं होतं का, हे तो वासावरून सांगायचा. साहेब लोक मापं घेऊन यायचे, मोजायचे, आणि शेवटी कोंडीराम म्हणाला तेच कागदावर चढवायचे. पुढे रंग मारायला रोबो आले. रोबोला नाक नसतं, पण तो गावच्या जत्रेला सुट्टीही मागत नाही. कोंडीरामसकट अठरा जणांना हार, नारळ आणि एकेक भिंतीवरचं घड्याळ देऊन कंपनीनं घरी बसवलं.

घरी बसणं हा काही त्याचा पिंड नव्हता. निघोज्यातल्या घरात तो दिवसभर वास घेत फिरायचा. दूध उतू जायच्या आधी ओरडायचा, शेजारच्यांचं तेल खवट झालंय हे भिंतीअलीकडून सांगायचा, आणि बायकोनं फोडणी दिली रे दिली की "मोहरी जळाली" म्हणायचा. बायको जयमाला सोशिक खरी, पण दोन महिन्यांत तिनंही हात टेकले. "तुमी कुटं तरी कामाला लागा," ती म्हणाली, "न्हाईतर मी लागते." त्याच आठवड्यात त्याची दाढ ठणकायला लागली आणि तो आंबेठाण चौकातल्या, टायरच्या दुकानावरच्या दवाखान्याचा जिना चढला. दारावर दोन पाट्या होत्या. एकीवर डॉ. योगिनी हे नाव, दुसरीवर 'मदतनीस पाहिजे'. दाढ काढून झाल्यावर, तोंडात कापसाचा बोळा असतानाच, त्यानं दुसऱ्या पाटीकडे बोट दाखवलं.

डॉ. योगिनी एकोणतीस वर्षांची. रहाटणीहून रोज स्कूटरवर यायची. दवाखाना काढून जेमतेम वर्ष झालं होतं. मदतनीस म्हणून एखादी नुकती बारावी झालेली मुलगी येईल असं तिला वाटलं होतं, आला तो मिशांवाला कोंडीराम. पण आठवडाभरात तिला कळून चुकलं की आपलं नशीब चांगलं आहे. हत्यारं स्वच्छ, ओळीनं लावलेली. ट्रेवर जी वस्तू काल जिथे होती तिथेच आज. मॅडमनी हात पुढे करायच्या आत हवं ते हातात. खोड एकच होती, बोलायची. एकदा खुर्चीत घाबरून बसलेल्या बाईला धीर द्यायला तो म्हणाला, "काळजी करू नका ताई, मॅडमचा हात सुरवातीला जरा थरथरतो, मग बसतो." बाई उठून गेली. त्या दिवशी डॉक्टरनं नियमच घालून दिला. पेशंट खुर्चीत असेल तोवर काकांनी तोंडातून शब्द काढायचा नाही.

कोंडीरामनं तो नियम पाळला. त्याला मनातून फार वाईट वाटलं होतं. हात थरथरतो हे कुणी सांगायची गरज नव्हती, तिला स्वतःलाच त्याची धास्ती होती. संध्याकाळी खोली रिकामी झाली की ती हात समोर धरून बघायची, आणि कोंडीराम दिसला की पटकन खिशात घालायची.

आता दातात सिमेंट कसं भरतात ते थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यातच आहे. दातात भरायचा तो पांढरा मसाला दाताला आपण होऊन चिकटत नाही. आधी दातावर आम्लाची जेली लावून तो खरखरीत करायचा, धुवायचा, किंचित ओलसर ठेवायचा. मग बारक्या ब्रशानं त्यावर बॉण्डचा थेंब चोळायचा. बॉण्ड म्हणजे चिकट द्रव्य, अॅसिटोनमध्ये विरघळवलेलं. अॅसिटोन त्या द्रव्याला हाताला धरून दाताच्या बारीक छिद्रांत नेतो आणि स्वतः उडून जातो. तो उडावा म्हणून वरून हवेचा झोत द्यायचा, आणि मग निळ्या दिव्यानं ते द्रव्य कडक करायचं. त्यावर मसाला. योगिनीनं हे पहिल्या दिवशी समजावून सांगितलं तेव्हा कोंडीराम मान डोलवत होता. पत्र्यावर प्रायमर, प्रायमरमध्ये थिनर, थिनर उडाला की भट्टी. म्हणजे पेंट शॉपच की हे, गाडी तेवढी लहान होती.

चौदा मे, गुरुवार. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, त्यामुळे आठवडाभर दुखरी दाढ गालात धरून शिफ्ट केलेली सगळी माणसं त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यावर. त्यात वीज गेलेली. इन्व्हर्टरवर खुर्ची आणि दिवा तेवढा चालू, एसी बंद. धावपळीत बॉण्डच्या बाटलीचं झाकण दुपारभर उघडं राहिलं. चार वाजता कोंडीरामनं थेंब पाडला तर तो काकवीसारखा लोंबला. नवी बाटली पुण्याहून सोमवारी यायची होती, बाहेर सहा जण ताटकळलेले, आणि आत मॅडम घामानं निथळत होत्या.

रंग घट्ट झाला तर साहेबाला विचारत बसायचं नसतं, ही बावीस वर्षांची शिस्त. त्यानं स्पिरिट घेतलं. सुईनं मोजून काही थेंब बाटलीत सोडले, हलवलं, काचेच्या पट्टीवर एक थेंब टाकून पट्टी तिरकी केली आणि तो किती वेळात खाली येतो ते पाहिलं. आणखी दोन थेंब. आता बॉण्ड नव्यासारखा वाहू लागला. मग शॉपमध्ये करायचा तेच केलं. कागदाची चिठ्ठी कापली, तिच्यावर 'कों. १४ मे, पातळ केले' असं लिहिलं आणि ती बाटलीच्या बुडाला टेपनं चिकटवली. काम अडलं नाही, मॅडमना त्रास झाला नाही, म्हणून स्वारी स्वतःवर खूश होती. सोमवारी नवी बाटली आली. पण जुनी संपल्याशिवाय नवी फोडायची नाही, या हिशेबानं त्यानं तेवीस तारखेपर्यंत तीच चालवली.

पहिलं सिमेंट निघालं ते उद्धवरावांचं. हे निघोज्यातलं वजनदार प्रस्थ, नात्यानं कोंडीरामचे चुलते. सोड्याची बाटली दातानं उघडायला गेले आणि समोरचा दात अर्धा गमावून बसले. कोंडीरामनंच मोठ्या दिमाखात त्यांना दवाखान्यात आणलं होतं. योगिनीनं तो दात इतका सुबक बांधून दिला की उद्धवराव आठ दिवस विनाकारण हसत फिरत होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात ते जिना चढून आले ते तोंड मिटूनच. खिशातून तंबाखूची डबी काढली आणि तिच्यातला दाताचा तुकडा ट्रेवर टाकला.

"डॉक्टरीणबाई, ह्यो घ्या तुमचा माल," ते म्हणाले. "भुईमुगाची शेंग खाताना निघाला. म्हशीचं दावं बी यापरीस जास्त टिकतं."

योगिनीनं परत बसवून देते म्हणून सांगितलं, पण ते ऐकायला थांबले नाहीत. गावच्या पारावर गेले आणि बाईचं काम कच्चं आहे असं येईल त्याला सांगत बसले. मग वायरिंगच्या लाइनवर काम करणारी सोनल आली, हातात रुमालात गुंडाळलेला तुकडा. मग खराबवाडीचा एक ड्रायव्हर. जुलैच्या मध्यापर्यंत असे सात जण झाले. योगिनीनं निळा दिवा तपासून घेतला, मसाल्याची कंपनी बदलली, पुस्तकं काढून पुन्हा वाचली. सगळं नीट होतं. उरले फक्त तिचे हात. गुरुवारी जिन्यावर बसायला जागा मिळत नसे, तिथे आता मधल्या पायऱ्या रिकाम्या राहू लागल्या.

एका बुधवारी दुपारी डबा खाऊन झाल्यावर ती म्हणाली, "काका, मी पुढच्या महिन्यात हे बंद करतेय. माणला आयटी पार्कजवळ मोठं हॉस्पिटल झालंय. तिथे दातांच्या विभागात मला घेतायत. पेशंट तपासायचे, कागद भरायचे. हाताचं काम दुसरे करतील." कोंडीराम काही बोलायच्या आत तिनं पुढचंही सांगितलं. "तुमच्यासाठी बोललेय मी. साहित्याच्या खोलीवर माणूस हवाय त्यांना. पगारही इथल्यापेक्षा बरा आहे."

दोन ते चार दवाखाना बंद असे. योगिनी आत टेबलावर डोकं टेकून पडली आणि कोंडीराम आवराआवर करायला लागला. नेऊ काय, टाकू काय, असं म्हणत त्यानं खण उपसला. निघालेले सातही तुकडे मॅडमनी एका डबीत जपून ठेवले होते. त्याला कुठून बुद्धी झाली कोण जाणे, त्यानं रंग तपासायचं आपलं जुनं भिंग पाकिटातून काढलं आणि उद्धवरावांच्या दाताचा तुकडा उलटा करून त्याखाली धरला.

तुकड्याच्या बुडाला टाचणीनं टोचल्यासारखी बारीक बारीक भोकं होती. हे त्यानं एकदा नाही, हजार वेळा पाहिलं होतं, मोटारींच्या बॉनेटवर. शॉपमध्ये याला पिनहोल म्हणायचे. रंग मारल्यावर थिनर उडायला वेळ द्यावा लागतो. त्याला फ्लॅश-ऑफ म्हणतात. तेवढा वेळ न देता गाडी भट्टीत ढकलली तर आत अडकलेला थिनर बुडबुडे करतो, आणि महिन्याभरात रंग पापुद्र्यानं सुटतो, खालचा पत्रा लख्ख. नव्या पोरांना तोच तर हे शिकवायचा. त्यानं उरलेले सहा तुकडे पाहिले. एकूणएक तसेच.

थिनर जास्त झाला होता, आणि तो कुणी घातला हे त्याला ठाऊक होतं. मॅडमनी नेहमीएवढाच झोत दिला आणि दिवा लावला, त्यांना काय कल्पना. त्यानं खणाच्या कोपऱ्यात हात घातला. पातळ केलेल्या बाटलीत तळाला थोडा बॉण्ड त्यानं राखून ठेवला होता. माल पास होईपर्यंत प्रत्येक घाण्यातला नमुना ठेवायचा, ही सवय. बाटली उलटी केली तर त्याचंच अक्षर त्याच्याकडे बघत होतं.

तो जिना उतरून खाली आला. बाटली खिशात. टायरच्या दुकानामागे कचऱ्याचा ढीग होता, त्यात ती टाकली असती तर ब्रह्मदेवालाही पत्ता लागला नसता. माणची नोकरी पक्की होती. गावात त्याचं नाव साफ होतं, 'आमचा कोंडीबा हुशार, बाईच कच्ची' असंच उद्धवराव सांगत होते. आणि आता खरं बोललं तर काय उरणार? नोकरी जाणार, आणि बावीस वर्षं ज्या एका गोष्टीवर तो ताठ मानेनं चालला, ती माझ्या हातचं काम बिघडत नाही ही घमेंडही जाणार. टपरीवर त्यानं चहा सांगितला आणि तो न पिताच निवू दिला.

वर आला तेव्हा दार अर्धवट उघडं होतं. योगिनी खुर्चीजवळ उभी होती. उजवा हात समोर सरळ धरून ती त्याच्या बोटांकडे पाहत होती, जणू तो दुसऱ्या कुणाचा हात आहे.

"मॅडम, तुमच्या हाताला काय बी झालेलं न्हाई," कोंडीराम म्हणाला आणि त्यानं बाटली बूड वर करून ट्रेवर ठेवली. "चूक माझी हाय."

तिनं चिठ्ठी वाचली. "हे काय आहे, काका?"

"बॉण्ड घट्ट झाला व्हता. म्या त्यात स्पिरिट टाकलं. रंगात टाकतो तसं."

मग तिनं पेशंटची वही उघडली आणि चौदा मेवर बोट ठेवलं. बोट खाली सरकत गेलं. सातही नावं चौदा आणि तेवीसच्या मधली होती. त्याच्या आधी वर्षभरात एकही नाही, त्याच्या नंतरही नाही. तिनं मधली सगळी नावं मोजली.

"तेवीस माणसं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला. "काका, सव्वा महिना मला धड झोप नाही. आईला फोन करून सांगितलं मी, की मला हे जमत नाही म्हणून. आणि तुम्ही रोज माझ्यासमोर उभे होतात."

कोंडीरामला सांगता आलं असतं की त्याला आत्ताच कळलंय. पण ते सांगण्यात अर्थ नव्हता. विचारलं असतं तर तेव्हाच कळलं असतं.

"घरी जा," ती म्हणाली. त्यानं कपाटाच्या किल्ल्या ट्रेवर ठेवल्या आणि तो गेला.

जयमालाला त्यानं सगळं सांगितलं, चहा निवला इथपर्यंत. तिनं ऐकून घेतलं. "सांगितलं न्हवं त्यास्नी?" तिनं विचारलं. "व्हय," तो म्हणाला. "मग जेवा," ती म्हणाली आणि ताट पुढे सरकवलं. त्या दिवशी मोहरी खरंच जळाली होती, पण कोंडीरामनं अवाक्षर काढलं नाही.

शनिवारी सकाळी फोन वाजला. "काका," योगिनी म्हणाली, "ती बाटली तुम्ही टाकून का नाही दिलीत? कुणाला कळलं नसतं."

"माल पास हुईस्तवर नमुना टाकायचा नसतो, मॅडम."

"आणि ती चिठ्ठी नसती, तर मला वर्षभरातले सगळे पेशंट बोलवावे लागले असते," ती म्हणाली. "पण तेवीस जणांना बोलवायच्या आधी मला खात्री हवीय. बाटलीच होती, की मीही होते, हे मला बघायचंय. दात आहेत माझ्याकडे, काढलेले. त्यांवर चिकटवलेलं किती जोरानं सुटतं ते बघायचं यंत्र नाही."

यंत्राचं नाव निघताच कोंडीराम उठून उभा राहिला. नागसेन त्याचा पेंट शॉपमधला जुना जोडीदार, परभणीकडचा. त्याच हार-नारळात तोही बाहेर पडला आणि आता भोसरीच्या एका टेस्टिंग लॅबमध्ये होता. इंजिनाखाली बसवायच्या लोखंडाला चिकटवलेलं रबर किती जोर लावल्यावर सुटतं, हे तो दिवसभर यंत्रावर मोजायचा. गुरुवारी लॅबमध्ये शुकशुकाट असतो. योगिनीनं पहिल्यांदाच गुरुवारी दवाखाना बंद ठेवला.

तिनं दाढांचे ठोकळे आधीच तयार करून आणले होते. प्रत्येक दाढ प्लास्टिकच्या साच्यात बसवलेली, वरून घासून सपाट केलेली, आणि तिच्यावर मसाल्याचा छोटा खांब चिकटवलेला. काही नव्या बाटलीच्या बॉण्डनं, काही पातळ केलेल्या. नागसेननं एकेक ठोकळा हातात घेऊन पाहिला.

"आजवर गाड्यांचं तपासलो, माणसाचं पहिल्यांदाच करायलोय," तो म्हणाला. "कोंडीभाऊ, तुझी बत्तिशी तर नाही ना ही?"

यंत्राचं पातं खाली सरकायचं, खांबाच्या मुळाशी टेकायचं, पडद्यावरचा आकडा चढायचा, आणि टक् असा आवाज आला की खांब सुटलेला. पातळ बाटलीचे खांब टिचकी मारल्यासारखे उडाले. नव्या बाटलीचे आकडे तिप्पट चढले. एका ठोकळ्यावर तर खांब सुटलाच नाही, दाढेचाच टवका निघाला. योगिनी तो ठोकळा हातात घेऊन उलटसुलट करत राहिली. मग ती खिडकीशी गेली आणि तिकडे तोंड करून तिनं डोळे पुसले. दोघा पेंटरांनी फार मनापासून यंत्राचे नट तपासले.

पण कोंडीरामच्या सांगण्यावरून तिनं आणखी चार ठोकळे केले होते. नवीच बाटली, फक्त हवेचा झोत दुप्पट वेळ. त्यांचे आकडे सगळ्यांत वर गेले. नागसेननं ते पुन्हा वाचून दाखवले. योगिनीनं पिशवीतून बॉण्डच्या खोक्यातला कागद काढला, चष्मा वर सारून बारीक अक्षर वाचलं आणि ती स्वतःशीच हसली.

"किमान दहा सेकंद, असं लिहिलंय इथे," ती म्हणाली. "कॉलेजात मी दहा मोजायचे. इथे शिफ्टच्या घाईत कधी पाच झाले ते कळलंच नाही. काका, जास्तीचा थिनर तुमचा आणि घाई माझी." कोंडीरामला हे वाटून घेणं मंजूर नव्हतं, त्याला वाटत होतं की सगळं आपल्याच माथी असावं. पण ती ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. मोशीच्या सिग्नलला तिनं स्कूटर बाजूला घेतली, माणच्या हॉस्पिटलला फोन लावला आणि मी येत नाही असं सांगून टाकलं. मागे बसलेल्या कोंडीरामनं एवढ्या गर्दीत मोठ्यानं नाक शिंकरलं.

तेवीस जणांना फोन करायचं काम त्यानं मागून घेतलं. प्रत्येकाला तो आपलं नाव सांगायचा, काय केलं ते सांगायचा, आणि सिमेंट निघालं असो वा नसो, येऊन नवं करून घ्या म्हणायचा. काही जणांनी शिव्या दिल्या. सोनल म्हणाली, "काका, आमच्या लाइनवर चूक लपवतात, तुम्ही फोन करून सांगताय." बावीस फोन झाले. तेविसावा फोनवर उरकण्यातला नव्हता.

रविवारी सकाळी तो पारावर गेला. दहा-बारा जण बसले होते, मध्ये उद्धवराव, ओठ दातांवर ओढून.

"तात्या, तुमचा दात निघाला त्यात बाईंची चूक न्हाई," कोंडीराम सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "बॉण्ड म्या पातळ केला व्हता. त्यास्नी न विचारता."

"म्हंजी तू माझ्या तोंडात थिनर घातलास?"

"स्पिरिट."

"येकच की," उद्धवराव म्हणाले, आणि पार हसून हसून लोळायचा बाकी राहिला. कोंडीरामचे कान लाल झाले. त्या दिवसापासून गावानं त्याचं नाव थिनर डॉक्टर ठेवलं, ते आजतागायत आहे. त्याला ते खुपलं, खुपतंच. पण हसणं ओसरल्यावर उद्धवरावांनी हळूच विचारलं, "गुरवारी बाई असत्यात का?"

गुरुवारी उद्धवराव खुर्चीत आडवे झाले. योगिनीनं दात घासला, जेली लावली, धुतला, ओलसर ठेवला. कोंडीरामनं बाटलीतून थेंब तेव्हाच काढला आणि झाकण तिथल्या तिथे घट्ट लावलं. ब्रश फिरला. हवेचा झोत सुरू झाला. दातावरचा पातळ थर झोताबरोबर लाटेसारखा हलत होता, वासही होता, नेलपॉलिश काढायच्या पाण्याचा. कोंडीराम वाकून पाहत होता. योगिनीनं दुसऱ्या हातात निळा दिवा घेतला, अंगठा बटणावर ठेवला आणि ती थांबली.

कोंडीराम गप्प. नियम होता.

"काका," ती म्हणाली, "मी तुमच्यासाठी थांबलेय."

त्यानं मान आणखी खाली घातली. लाट बारीक होत गेली. मग थर हलायचा थांबला, नुसती चमक उरली. त्यानं नाकानं एकदा खोल वास ओढला. काही नव्हतं.

"हं," कोंडीराम म्हणाला, आणि निळा दिवा लागला.

त्या उजेडात त्याला तिचा हात दिसला. जरासुद्धा हलत नव्हता. हे तिला सांगावं असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण पेशंट खुर्चीत होता.